मागून येतेय

माझी बायको वारल्याची बातमी डोंगरावर ज्या दिवशी कळली, त्या दिवशी तिला शोधायला सगळं खोरं बाहेर पडलं होतं. गवत कापणारी माणसं विळे टाकून आली होती, फाटकवाला फाटक उघडं टाकून आला होता, आणि त्यांचा कुत्रा तिच्या कोऱ्या बुटांचा वास घेऊन माझ्याच पायाशी येऊन बसला होता. यात त्यांची काहीच चूक नव्हती. ती मागून येतेय असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती हिवाळ्यातच गेली होती.

मी नोकरीभर दुकानांचे वजनकाटे तपासले. खोटं बोलण्याचा मला सराव नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाही. दुकानदार खोटं बोलायचा आणि मी ते कागदावर उतरवून घ्यायचो, अशी आमच्यात कामाची वाटणी होती. त्यामुळे निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा धडधडीत खोटं बोललो तेव्हा ते कुठे थांबवायचं हेच मला कळेना. सराव असलेला माणूस वेळेत थांबला असता.

डोंगरावर जायचं खूळ हिचं. तो डोंगर म्हणजे राखीव उद्यान आहे, पण नुसतं रान नाही, हे मला हिने सांगितलं आणि तिला टीव्हीवरच्या बाईने. डोंगराच्या माथ्यावर आणि घळींमध्ये दाट झाडी आहे, पण मधल्या उतारांवर लोकांनी पिढ्यानपिढ्या दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली आहेत आणि त्यांच्या वर गवताची कुरणं राखली आहेत. उद्यान झालं तेव्हा साहेब लोकांनी आधी शेतकऱ्यांना बाहेर काढलं आणि निसर्गाला मोकळं सोडलं. निसर्गाने मोकळेपणाने सगळीकडे काटेरी झुडपं वाढवली. फुलं गेली, फुलांमागून फुलपाखरं गेली. मग साहेबांच्या लक्षात आलं की दरवर्षी गवत कापलं जायचं म्हणूनच त्या फुलांना ऊन मिळायचं. त्यांनी शेतकऱ्यांना परत बोलावलं आणि सांगितलं, पूर्वी करत होता तेच करा, फक्त आता आमच्या परवानगीने करा.

"अहो, गवत कापलं नाही तर तिथे फुलंच येत नाहीत," ही मला म्हणाली. मी पेपर वाचत होतो.

"मग आपण जाऊन काय करणार? आपल्याला नखं वेळेवर कापता येत नाहीत."

"तुम्हाला येत नाहीत. मला येतात," ती म्हणाली आणि तिने दोघांचा अर्ज केला.

तिथे माणसं मोजून सोडतात, त्यामुळे परवाना लवकर मिळत नाही. तोवर हिने बूट घेतले. डोंगरावर चालायचे जाडजूड बूट, एक माप मोठे, कारण आत जाड मोजे घालायचे. नवे बूट एकदम डोंगरावर घातले तर चावतात, म्हणून ती ते रोज संध्याकाळी घालून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारायची. बाहेर का नाही घालत, असं मी विचारलं तर म्हणाली, "चिखल लागेल ना." आमच्याकडे चिखलाचे बूट घालून उंबऱ्याच्या आत यायची कोणाला परवानगी नव्हती. मी दारात पेपर पसरून, बुटांचे तळ खरवडून, मग आत यायचो. कधी कधी शेजारी बघत असायचे. सरकारी अधिकारी स्वतःच्या दारात बसून बूट खरवडतोय हे दृश्य फारसं रुबाबदार नसतं.

परवाना आला तेव्हा त्यावर दोन नावं होती आणि घरात एकच माणूस होता.

जायचं नाही असंच मी ठरवलं होतं. पण परवाना टेबलावर उघडा राहिला आणि तो आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी पाहिला. ते आता अध्यक्ष नाहीत, निवडणूक हरून बरीच वर्षं झाली, पण ही बातमी त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेली नाही. ते म्हणाले, "जायचंच. मी येतो तुमच्याबरोबर. नाव बाईमाणसाचं आहे, ते मी बघून घेतो." ते कसं बघून घेणार होते हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणी आली. ती हिची धाकटी बहीण. म्हणाली, "भाऊजी, मी येते. ताईचा आणि माझा चेहरा सारखा आहे, कोणाला कळणार पण नाही." चेहरा सारखा आहे हेच तर न नेण्याचं कारण होतं, पण ते तिला सांगता येईना. मी म्हटलं, "चढ फार आहे गं."

"म्हणजे मी जाड आहे?"

"तसं नाही."

"ताई चालली असती आणि मी चालणार नाही?"

मी चहा टाकायला आत गेलो आणि साखर विसरलो, त्यावरूनही थोडी बोलणी खाल्ली. मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, रद्द करा ते. एकटे कुठे डोंगर चढताय? गुडघे बघा जरा." मला वाटलं, हे सोपं आहे. रद्द करू.

परवाना कार्यालय गावात आहे. खिडकीत एक बाई बसल्या होत्या, शांत आणि गोड बोलणाऱ्या. अशा माणसांशी भांडता येत नाही, म्हणून ती फार धोकादायक असतात. त्यांनी सांगितलं की रद्द करायचं तर दोन्ही अर्जदारांच्या सह्या लागतात.

"मग एकट्याला जाता येईल का?"

"एकट्याला सोडत नाहीत. पडलात तर खाली येऊन सांगणार कोण?"

हे मला पटलं. मी म्हटलं, "दुसरं नाव बदलून द्याल का?"

"ज्यांचं नाव आहे त्यांनी स्वतः येऊन सांगायचं."

"तिला यायला जमणार नाही."

"का हो?"

आता इथे एक वाक्य बोलायचं होतं. छोटं वाक्य. मी पंख्याकडे बघितलं, काचेवर चिकटवलेल्या सूचनांकडे बघितलं. माझ्या मागे रांग होती. मी म्हटलं, "जरा तब्येत."

"अगोबाई. मग त्या बऱ्या झाल्या की दोघं मिळून या," त्या म्हणाल्या. इतक्या मायेने म्हणाल्या की मी "बरं" म्हणून निघालो.

घरी येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की ते वाक्य मी अजून एकदाही बोललेलो नाही. गरजच पडली नव्हती. दवाखान्यातून मुलीने फोन केले. मेहुणीने नातेवाइकांना कळवलं. अध्यक्षांनी सगळ्या मजल्यांवर स्वतः जाऊन सांगितलं, लिफ्ट बंद असताना. नंतर कोणी फोनवर हिला विचारलं तर मी फोन शेजारच्याच्या हातात द्यायचो. बँकेत, गॅसवाल्याकडे, सगळीकडे मुलीने कागद दिले. इतकी माणसं माझ्या वतीने बोलली की माझ्या तोंडचं ते वाक्य तसंच राहून गेलं. आणि आता ते काढायला गेलो तर निघतच नव्हतं.

मग मी जायचं ठरवलं. हट्ट म्हणा. परवान्यावर दोन नावं होती, ती दोन्ही मी डोंगरावर नेणार होतो. हिचे बूट पिशवीत घातले. अध्यक्षांनी त्यांची टोपी दिली, जिच्या कडा इतक्या रुंद होत्या की दारातून आडवं होऊन जावं लागे. एक काठी दिली आणि एक शिट्टी गळ्यात घातली. "संकट आलं की वाजवायची," ते म्हणाले. मेहुणीने डबा दिला आणि सवयीने दोघांचा भरला. मग तिच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. तिने झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "भूक लागते हो डोंगरावर."

सकाळी फाटकाशी उतरलो. फाटकाला लागून एक खोपटं होतं, त्याच्या भिंतीवर लाकडी फळी आणि फळीवर खिळ्यांना पत्र्याचे बिल्ले टांगलेले. वर जाणाऱ्याने आपला बिल्ला गळ्यात घालायचा आणि खाली आल्यावर परत खिळ्याला लावायचा. संध्याकाळी खिळा रिकामा दिसला की कोणीतरी अजून डोंगरावर आहे असं समजायचं. साधी, चोख पद्धत. मला फार आवडली. तिच्यामुळेच पुढे माझी अब्रू गेली.

फाटकवाल्याने परवाना पाहिला, मला पाहिलं आणि माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"दोघं आहेत ना?"

"ती मागून येतेय," मी म्हटलं.

मी ठरवून बोललो नाही. तोंडातून तेच आलं. चाळीसेक वर्षं तेच वाक्य बोलत होतो ना. लग्नाला, दवाखान्यात, स्टेशनवर, मी पुढे पोचायचो आणि सगळे विचारायचे, वहिनी कुठे? आणि मी म्हणायचो, मागून येतेय.

"हळू चालतात?" फाटकवाल्याने विचारलं.

"थांबत थांबत येते. काही ना काही बघत बसते."

"आमच्याकडेही तेच. बाजाराला निघालो तर मी परत आलेला असतो तेव्हा ती निम्म्यात असते." मग त्याने आपल्या बायकोबद्दल बराच वेळ सांगितलं. तो खूष होता. त्याने मला दोन बिल्ले दिले. "त्यांचा तुमच्याकडेच ठेवा, पुढे वळणावर थांबून द्या. मी आत्ता गुरांना पाणी दाखवून येतो, तोवर त्या येऊन जातील."

अशा रीतीने आम्ही दोघं डोंगरावर दाखल झालो.

वाट बांधांच्या कडेने वर चढत होती. एका पायरीवर घेवडा, एकीवर बटाटा, आणि बांधाच्या दगडांच्या फटींतून निघालेली बारकी पिवळी फुलं. वाटेतली झाडं डोक्याच्या उंचीवर छाटलेली होती. गुरांच्या पाल्यासाठी फांद्या तिथूनच कापतात आणि पुन्हा तिथूनच फुटतात, त्यामुळे प्रत्येक झाडाचं खोड म्हाताऱ्याचं आणि डोकं शाळकरी पोराचं दिसत होतं. मला आमच्या खात्यातले केस रंगवणारे साहेब आठवले. हे हिला सांगावं म्हणून मी वळलोसुद्धा.

बांध संपले तिथून कुरण सुरू झालं. पाचसहा माणसं उतारावर एका ओळीत लांब दांड्यांचे विळे चालवत होती आणि त्यांच्या मागे एक दणकट बाई दंताळ्याने कापलेलं गवत उलटवत होती. तिला सगळे आत्या म्हणत होते, तिच्याहून मोठे दिसणारेही. मी कौतुकाने दोन पावलं गवतात टाकली.

"ओ टोपीवाले, कडेने चला. ते जेवण आहे."

"कोणाचं?"

"तुमचं नाही." तिने दंताळं थांबवलं. "एकटेच? एकट्याला वर सोडत नाहीत."

"ही मागून येतेय."

दुसऱ्या वेळी ते फारच सहज निघालं.

"कसं ओळखायचं? आम्ही सांगू वाट."

"निळा स्वेटर आहे. फुलं बघत थांबली असेल. ती एकेका फुलाला थांबते."

"मग आज काही वर येत नाहीत त्या," आत्या म्हणाली आणि हसली. पुढे लाकडं वाहणारा एक जण भेटला, त्यालाही सांगितलं. त्याला मी असंही सांगितलं की तिच्या गुडघ्याचं काही नाही, गुडघा माझा दुखतो. आता मी न विचारता सांगत होतो. आणि खरं लिहायचं तर मला बरं वाटत होतं. प्रत्येक वळणावर थांबून मी मागे बघत होतो. वाटेवर कोणी नसे, पण वाट वळलेली असे, आणि वळणापलीकडचं कोणाला दिसतं? कित्येक महिन्यांत माझी सकाळ इतकी चांगली गेली नव्हती.

ओढ्यापाशी सपाट दगड होता. तिथे मी बसलो, डबा उघडला आणि दोघांचं खाल्लं. मग पिशवीतून हिचे बूट काढून दगडावर ठेवले. डोंगरावर यायचं होतं ना त्यांना, मग पिशवीत कशाला राहायचं. पाण्याकडे टोकं करून नीट जोडीने ठेवले. हिचा बिल्ला एका बुटात टाकला, हरवू नये म्हणून. पिशवी हलकी झाली, पोट जड झालं. वर एका छाटलेल्या झाडाखाली सावली होती. थोडा वेळ टेकावं म्हणून गेलो आणि अध्यक्षांची टोपी तोंडावर घेतली. त्या टोपीखाली सबंध माणूस झाकला जातो हे माझ्या लक्षात आलं नाही.

जाग आली ती आरडाओरड्याने. ऊन गेलं होतं, आभाळ भरून आलं होतं. खाली ओढ्याच्या काठाने माणसं पांगली होती आणि हाका मारत होती. एक तरुण गवतकाप्या धापा टाकत माझ्याजवळून चालला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक बाई हरवल्यात. ओढ्यावर नुसते बूट सापडलेत. चला, माणसं कमी पडतायत."

मी टोपी काखेत मारून उठलो. गुडघा कुरकुरला, पण अशा वेळी गुडघ्याकडे बघायचं नसतं. कोणाची तरी बायको हरवली होती. मी काठीने झुडपं बाजूला करत, वाकून बघत, त्याच्या मागे उतरू लागलो. मनात त्या नवऱ्याचा रागही आला. असं कसं सोडून पुढे जातात माणसं? लक्ष नको ठेवायला? मग मला अध्यक्षांची शिट्टी आठवली आणि मी ती जोरात वाजवली. त्या डोंगरात शिट्टीचा अर्थ माणूस सापडलं असा होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खोऱ्यातले होते नव्हते ते सगळे माझ्या दिशेने धावत सुटले.

"सापडल्या?" वरून, खालून, दोन्हीकडून ओरडा.

"नाही, मी नुसतीच वाजवली," मी म्हटलं.

त्यावर त्या माणसांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी पूर्वी खोटी वजनं ठेवणाऱ्यांकडे बघायचो. मी खजील झालो. आपण अगदीच उपरे वाटू नये म्हणून मी शेजारच्याला विचारलं, "बाई दिसायला कशा आहेत?"

"निळा स्वेटर," तो म्हणाला. "हळू चालतात. एकेका फुलाला थांबतात म्हणे."

मग मी काय केलं ते सांगायला हवं. मी वाटेच्या वळणाकडे बघितलं. समजलं होतं मला, पूर्ण समजलं होतं, तरी बघितलं.

तेवढ्यात फाटकवाला कुत्र्याला घेऊन आला. एका हातात हिचे बूट होते. बूट उलटे करून तो सगळ्यांना दाखवत होता. "तळाला कण नाही मातीचा. बिल्ला आतच आहे. ही बाई इथवर आली कशी? उडत?" कुत्र्याला बूट हुंगवले होते. त्या बुटांना काय वास असणार? आमच्या हॉलचा, आमच्या फरशीचा, आमच्या घराचा. कुत्रा सरळ माझ्याकडे आला, पायाशी बसला आणि शेपटी हलवू लागला.

"अहो, तुम्ही इथे?" फाटकवाल्याचा चेहरा पांढरा पडला. तो जवळ आला आणि त्याने माझा दंड धरला. "धीर सोडू नका. सापडतील. माझीच चूक, मी गुरांकडे गेलो. मी थांबून बघायला पाहिजे होतं. मी काय तोंड दाखवू तुम्हाला?"

त्याचे डोळे भरले होते. इतरांचं काय, मी ते रेटून नेलं असतं कदाचित. तब्येत बरी नाही म्हणून परत गेली असेल, असं म्हणालो असतो. पण तो माणूस माझ्या बायकोसाठी स्वतःला दोष देत होता, आणि बूट छातीशी धरून उभा होता.

"तुमची चूक नाही," मी म्हटलं. "ती आलीच नव्हती."

"म्हणजे?"

"माझी बायको वारली. हिवाळ्यात. बूट मी आणले होते."

झालं. एवढंच होतं ते. ओढ्याचा आवाज येत होता. तरुण गवतकाप्याने डोक्यावरची टोपी काढली, मग ती कुठे ठेवावी हे न कळून परत घातली. फाटकवाल्याने माझा दंड सोडला नाही.

गर्दीतून आत्या पुढे आली. धावून धावून तिचा श्वास चढला होता. "मग इतका वेळ आम्ही शोधत कोणाला होतो?"

"तिलाच," मी म्हटलं.

आत्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आता ही रडेल किंवा मारेल. ती म्हणाली, "माझं गवत पडलंय तिकडे उघड्यावर."

सगळ्यांनी एकदम आभाळाकडे बघितलं. कापून वाळलेलं गवत भिजलं की काळं पडतं आणि गुरं तोंड लावत नाहीत. माझ्या बायकोला शोधण्यात त्यांची सुकी दुपार गेली होती. सगळे कुरणाकडे पळाले. मीही पळालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मागे उभं राहणं शक्य नव्हतं.

धावपळीत आत्याची चप्पल तुटली होती. कापलेल्या गवताचे खुंट अणकुचीदार असतात, अनवाणी चालता येत नाही. ती एका पायावर उभी राहून चपलेला शिव्या देत होती. मी फाटकवाल्याच्या हातातून बूट घेतले, आतला बिल्ला काढून खिशात टाकला आणि बूट तिच्यापुढे ठेवले.

"नको," ती म्हणाली. "नवे आहेत. चिखल लागेल."

"घाला," मी म्हटलं.

"मोठे होतायत."

"आत जाड मोजे घालायचे असतात."

मोजे नव्हते. तिने मूठभर वाळलेलं गवत टोकांत कोंबलं, नाड्या आवळल्या, दोन वेळा पाय आपटले आणि कामाला लागली. मला एक दंताळं दिलं. मी गवत ओढण्याऐवजी सगळीकडे पसरत होतो, म्हणून ते काढून घेतलं. मग गवत उचलायचा काटा दिला. तो मी स्वतःच्या पायाजवळ मारला, म्हणून तोही काढून घेतला. शेवटी मला गंजीवर चढवून गवत तुडवायला लावलं. आत्या म्हणाली, "हे जमेल. सकाळी छान तुडवत होतात." अध्यक्षांच्या टोपीसकट मी गंजीवर गोल गोल फिरत होतो, खालून गवत येत होतं, आणि उतारावर हिचे बूट इकडून तिकडे धावत होते. निळा स्वेटर नव्हता. पण बूट धावत होते. मी बघत होतो म्हणून दोनदा घसरलो.

थेंब पडू लागले तेव्हा शेवटची गंजी झाकून झाली होती. कुरणाचा वरचा पट्टा मात्र उभाच राहिला. तो आज कापायचा होता.

"माझ्यामुळे राहिला," मी म्हटलं.

"तुमच्यामुळेच," आत्या म्हणाली. ती बांधावर बसून नाड्या सोडत होती. "तो कापला नाही तर पुढच्या वर्षी तिथे काटेच येतील. फुलं यायची नाहीत." मग बूट माझ्या हातात देऊन म्हणाली, "ऊन पडलं की या. कामाला येणाऱ्याला परवाना लागत नाही. एकटा चालतो." आणि थोडं थांबून, "टोपी आणू नका. बैल बुजतात."

फाटकाशी मी दोन्ही बिल्ले दिले. फाटकवाल्याने माझा आधी लावला. दुसरा जरा वेळ बोटांत फिरवला, फडक्याने पुसला आणि शेजारच्या खिळ्याला लावला. फळीवर एकही खिळा रिकामा नव्हता. त्याने दोनदा बघून खात्री केली आणि मग फाटक बंद केलं.

घरी आलो तर मेहुणी दारातच होती, मागे अध्यक्ष. मला पोचायला उशीर झाल्याने त्यांनी एकमेकांना बरंच घाबरवून ठेवलं होतं. माझ्या केसांत गवत होतं.

"भाऊजी, पडलात?"

"नाही. गंजीवर होतो."

"शिट्टी उपयोगी पडली का?" अध्यक्षांनी विचारलं.

"फार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परवाना कार्यालयात जाऊन मी खिडकीतल्या बाईंना ते वाक्य सांगितलं. रांग होती तरी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, त्या दिवशी येत नव्हतं.

अजून आभाळ उघडलेलं नाही. वरचा पट्टा उभाच असेल. बूट मी उंबऱ्याबाहेर पेपरवर ठेवले आहेत. तळाला चिखल आहे, टोकांत गवत आहे. येता जाता बघतो. ते साफ करायचे राहिले आहेत.